ओळखीचा रकाना

माझे सासरे आमच्याकडे जर्मनीत, नेकारसुल्मला आले तेव्हा माझं कुर्त्सआर्बाइट सुरू होतं. गाड्यांच्या ऑर्डर्स कमी झाल्या होत्या, त्यामुळे आमच्या कंपनीत आठवड्याला तीनच दिवस काम उरलं होतं. नोकरी आहे म्हणायची आणि घरी बसायचं, असा तो प्रकार. नवऱ्याच्या प्लांटमध्ये अजून ठीक चाललं होतं. तो सकाळी सहाला जायचा आणि मग घरात मी आणि बाबा. सासऱ्यांना मी बाबाच म्हणते.

बाबा पोलीस खात्यातून फौजदार म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी मराठवाड्यात, तालुक्याच्या ठाण्यांमध्ये गेली. सासूबाई गेल्यावर ते परभणीला एकटेच राहायचे. तीन महिन्यांच्या व्हिसावर त्यांना आम्ही आग्रहाने आणलं, पण त्यांना करायला इथे काहीच नव्हतं. टीव्ही कळत नव्हता, पेपर कळत नव्हता. मग ते पहिल्या मजल्यावरच्या आमच्या बाल्कनीत खुर्ची टाकून खाली बघत बसायचे. आठवड्याभरात त्यांना अख्ख्या बिल्डिंगची माहिती झाली.

"तिसऱ्या मजल्यावरची बाई बुधवारी कामाला जात नाही," ते मला सांगायचे. "आणि तो सायकलवाला किल्ली विसरतो रोज."

"बाबा, इथे लोकांकडे असं बघत बसलेलं आवडत नाही हो."

"मी कुठे कुणाला काय म्हणतोय?"

एके दिवशी चहा घेताना म्हणाले, "खाली जो माणूस राहतो ना, तो पोलीस आहे."

मला हसू आलं. खाली राहणारे गृहस्थ इराकमधले कुर्द होते, एवढं मला ठाऊक होतं. साठीचे, उंच, पाठीत जरा वाकलेले. पहाटे बेकरीच्या कारखान्यात पॅकिंगला जायचे, दुपारी परत यायचे. मूलबाळ नव्हतं. बायकोला घेऊन ते जर्मनीत आले होते आणि ती किडनीच्या आजाराने वारली होती, आम्ही ह्या बिल्डिंगमध्ये येण्याच्या आधीच. चार वर्षांत त्यांच्याशी माझं 'गुटन टाग'च्या पुढे बोलणं गेलं नव्हतं.

"नाही हो बाबा, बेकरीत आहेत ते."

"आता असेल बेकरीत. आधी पोलीस होता. कुणी समोर आलं की तो आधी हातांकडे बघतो आणि मग तोंडाकडे. हे कुणी शिकवल्याशिवाय येत नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही फिरून येत होतो, तर शेजारी दारापाशी सायकल स्टँडजवळच्या बाकावर बसलेले. बाबा सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले, हात जोडले आणि मला म्हणाले, "विचार, कुठल्या खात्यात होतात?"

"असं एकदम कसं विचारू?"

"विचार तू. त्याला राग येणार नाही."

मी माफी मागत, आडवळणाने विचारलं. शेजाऱ्यांनी बाबांकडे बराच वेळ पाहिलं. "ह्यांना कसं कळलं?" ते म्हणाले. मी हातांचं सांगितलं, तेव्हा ते मोठ्याने हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. मग ते बाकावर सरकून बसले आणि त्यांनी बाबांना जागा करून दिली.

त्यानंतर रोज दुपारी ते दोघे तिथे बसायला लागले. मध्ये मी. बाबांचं मराठी मी जर्मनमध्ये सांगायचे, शेजाऱ्यांचं जर्मन मराठीत. त्यांचं जर्मन तुटक होतं, पण शब्द नेमके असायचे. इतकी वर्षं इंजिनियरिंग करून मी दुभाषी झाले, असं मी नवऱ्याला गमतीने म्हणायचे. खरं तर त्या दिवसांत तेवढंच एक काम होतं जे केल्यावर मला बरं वाटायचं.

शेजारी त्यांच्याकडच्या अंतर्गत सुरक्षा दलात अधिकारी होते. उत्तर इराकच्या कुर्दी भागात सैन्य वेगळं, रहदारीचे पोलीस वेगळे आणि हे दल वेगळं. "सैनिक सीमेवर बघतात," ते म्हणाले. "आम्ही आत बघायचो. गावात आज कोण मुक्कामाला आहे आणि का आहे, हे आम्हाला माहीत असलं पाहिजे. एवढंच आमचं काम."

"गोपनीय शाखा आणि बीट, दोन्ही एकत्र," बाबा म्हणाले. हे जर्मनमध्ये सांगायला मला पाच मिनिटं लागली.

त्यांचं गाव डोंगराच्या पायथ्याशी होतं आणि खालच्या मैदानाकडून येणाऱ्या रस्त्यावर नाका होता. तिथे प्रत्येक गाडी थांबवायची. कागद बघायचे, डिकी बघायची, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे बोलायचं. कुठून आलात, कुणाकडे चाललात, त्याचं घर मशिदीच्या कुठल्या बाजूला आहे? माणूस कुठल्या गल्लीत वाढला हे बोलण्याच्या हेलावरून कळायचं. बायकांची झडती घ्यायला बायकाच असायच्या, आडोशाच्या खोलीत. आत गावात प्रत्येक मोहल्ल्याला एक मुखत्यार असायचा, म्हणजे पाटलासारखा माणूस. त्याच्या चिठ्ठीशिवाय नवीन भाडेकरूला घर मिळायचं नाही. चहाच्या दुकानांत साध्या कपड्यांतली माणसं बसायची. दोन घरांत खुनाचं वैर असलं, तर कोर्टाच्या आधी म्हाताऱ्यांना बसवून ते मिटवायचं, कारण एक वैर पेटलं की महिनाभर बाजार बंद.

बाबा खूश होऊन ऐकत होते. "हे आमचंच की! भाडेकरूंची नोंद, शांतता कमिटी, नाकाबंदी. फक्त आमचा माणूस चहाच्या नाही, पानाच्या टपरीवर बसायचा."

"गेनाऊ," शेजारी म्हणाले, म्हणजे अगदी बरोबर. आणि पुढे, "गेनाऊ, काका."

बाबा माझ्याकडे वळले. "मी ह्याचा काका? पंधरा वर्षांनी तर लहान असेल तो माझ्यापेक्षा."

मी विचारलं. कुर्दीमध्ये काका म्हणजे थोरला भाऊ. बाबांना ते इतकं आवडलं की तेही त्यांना 'साहेब' सोडून काका म्हणायला लागले. दोघेही एकमेकांना काका.

एकदाच जरा बिनसलं. बाबांनी सहज विचारलं, "पकडलेल्या माणसाला चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करत होता का?"

मी भाषांतर केलं. शेजारी म्हणाले, "कायद्यात तसंच होतं. चांगल्या दिवसांत करायचो."

"आणि वाईट दिवसांत?"

"वाईट दिवस फार होते."

बाबांनी मान हलवली. "आमच्याकडेही कागदावर चोवीसच तास असायचे," ते म्हणाले. त्यांनी पुढे काही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

शेजाऱ्यांनी नाक्यावरची एक गोष्ट सांगितली ती आमच्या घरी. मी पोहे केले होते म्हणून त्यांना वर बोलावलं होतं. बोलता बोलता त्यांनी विचारलं, की बाबांचा व्हिसा कसा मिळाला. मी म्हटलं, इथल्या कचेरीत आम्हाला लिहून द्यावं लागतं की हा माणूस आमच्या जबाबदारीवर येतोय. त्याचं काही बरं-वाईट झालं, तर खर्च आमचा.

"म्हणजे तुम्ही ह्यांच्या कफील," ते म्हणाले. "जामीन."

आणि त्यांनी बशी खाली ठेवली.

मैदानातलं मोठं शहर अतिरेक्यांनी घेतलं त्या उन्हाळ्यातली गोष्ट. हजारो अरब कुटुंबं जीव वाचवून डोंगराकडे पळत होती आणि त्यांच्या नाक्यावर येऊन थांबत होती. त्या लोकांमध्ये घाबरलेले होते, आजारी होते, आणि त्यांच्यात लपून येणारे अतिरेकीही होते. कोण कुठला, हे तोंडावर लिहिलेलं नसतं. म्हणून नियम झाला. गावातला एखादा माणूस जामीन राहिला तरच आत सोडायचं. नाहीतर पत्र्याच्या शेडमध्ये थांबायचं, नाव वरच्या कचेरीत तपासायला पाठवायचं आणि मग छावणीत. त्या फॉर्मवर एक रकाना होता, 'दलातल्या कुणा अधिकाऱ्याच्या ओळखीचा आहे का?' हो लिहिलं, तर तो अधिकारी जबाबदार आणि कागद त्याच दिवशी पुढे सरकायचा.

"आठवडाभर आधी माझ्या एका सहकाऱ्याने हो लिहिलं होतं," शेजारी म्हणाले. "दूरच्या नातलगाचा भाडेकरू होता. त्या माणसाची गाडी बाजारात फुटली. माझी दोन माणसं गेली. आणि माझा सहकारी आमच्याच कोठडीत बसला."

मग त्या स्फोटानंतर चौथ्या-पाचव्या दिवशी नाक्यावरच्या रांगेत शेजाऱ्यांना एक म्हातारा दिसला. बरोबर बायको आणि तिशीतली मुलगी. त्यांनी लगेच ओळखलं. तरुणपणी ते त्या मोठ्या शहरात दोन वर्षं शिकायला होते. कुर्दी मुलाला कुणी खोली देत नव्हतं, तेव्हा ह्या गणिताच्या मास्तरांनी आपल्या घरातली एक खोली दिली होती. दोन वर्षं ते त्यांच्याच घरी जेवले. ती मुलगी तेव्हा रांगत होती. मास्तर शाळेत आणि त्यांची बायको स्वयंपाकात असली की तिला कडेवर घेऊन ते अंगणात फिरवायचे.

"मग?" बाबा म्हणाले.

"मास्तरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग दुसरीकडे पाहिलं. मी गणवेशात, मिशा पांढऱ्या, पंचवीस-तीस वर्षं झालेली. मला वाटलं, ओळखलं नाही. बरं झालं असंही वाटलं. फॉर्म माझ्यासमोरच आला. नाव मी वाचलं."

"रकान्यात काय लिहिलं?" हा प्रश्न बाबांनी एखाद्या ठाण्यात विचारावा तसा विचारला. मी तो तसाच जर्मनमध्ये दिला.

"नाही, असं लिहिलं."

तिघं दोन दिवस शेडमध्ये होती. शेजाऱ्यांनी शिपायाबरोबर त्यांना पाणी आणि बर्फ पाठवला, स्वतः गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी वरून कळलं, की मास्तरांचं नाव दलाला हव्या असलेल्या एका माणसाच्या नावाशी जुळतंय. नाव अगदी सर्रास आढळणारं. चौकशीला दुसरी तुकडी येऊन मास्तरांना घेऊन गेली, बायको आणि मुलगी छावणीत गेल्या. चार महिन्यांनी मास्तरांना सोडलं. त्यांच्याविरुद्ध काहीच सापडलं नव्हतं. थंडीत छावणीतच ते वारले.

"एक वाक्य म्हणायचं होतं मला," शेजारी म्हणाले. "मी ह्यांना ओळखतो. बास."

मी ते मराठीत सांगितलं. बाबा उठून बेसिनपाशी गेले, हात धुतले, आणि आत जाऊन आडवे झाले. शेजारी मला "पोह्यांबद्दल धन्यवाद" म्हणून खाली गेले.

दुसऱ्या दिवशी बाबा बाकावर गेले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मला वाटलं, ते शेजाऱ्यांवर चिडलेत. मी विचारलंसुद्धा.

"मी कोण चिडणार?" ते म्हणाले. "मी अशा रकान्यांमध्ये काय काय लिहिलंय हे मलाच माहीत आहे."

आठवड्याने ते आपणहून खाली गेले. मीही मागोमाग गेले. बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "ती मुलगी कुठे आहे आता?"

शेजारी चटकन म्हणाले, "बर्लिनला." आईही गेल्यावर ती इथे आली होती, दाताच्या दवाखान्यात काम करत होती. एका नातलगाने दोन वर्षांपूर्वीच तिचा नंबर दिला होता. तो त्यांच्या पाकिटात होता. त्यांनी कधी फोन केला नव्हता.

"जा आणि सांगून या," बाबा म्हणाले. "आयुष्यभर आपण दुसऱ्यांचे जबाब घेतले काका. एकदा आपलाही द्यावा."

मला हे पटलं नव्हतं. तिला काय हवंय ह्याचा विचार कोण करतंय, असं मी बाबांना म्हणालेही. पण शेजाऱ्यांच्या चेहऱ्यावर इतकी सुटका दिसली, की मी गप्प बसले. त्यांनी सांगितला तसा मेसेज मी जर्मनमध्ये लिहून दिला. अरबीत का नको, असं मी विचारलं, तर म्हणाले, "अरबीत लिहिलं तर मी नटवून लिहीन."

उत्तर चार दिवसांनी आलं. शनिवारी दुपारी तीन. एका चौकातल्या बेकरीचा पत्ता. एक तास.

"घरी नाही बोलावलं," शेजारी म्हणाले. "बरोबर आहे."

त्यांच्याकडे जर्मनीत राहायची कायमची परवानगी नव्हती, दुल्डुंग होतं. म्हणजे तुम्हाला परत पाठवायचं आहे, पण सध्या पाठवत नाही, असं सांगणारा कागद. तो दर सहा महिन्यांनी वाढवून घ्यावा लागायचा. बर्लिनला जायला हरकत नाही हे ठाऊक असूनही त्यांनी वकिलाला फोन करून दोनदा खात्री केली. नवऱ्याला शनिवारची शिफ्ट होती. मग बाबा, ते आणि मी, तिघं निघालो. व्यूर्त्सबुर्गला गाडी बदलली. ती पाऊण तास उशिरा होती. शेजाऱ्यांनी काळा सूट घातला होता आणि इस्त्री मोडू नये म्हणून ते अर्धा रस्ता उभेच होते. बाबा सारखे म्हणत होते, "बसा काका, बसा." ह्या एका वाक्याला माझी गरज पडली नाही.

आम्ही पोचलो तेव्हा ती आधीच येऊन बसली होती. चाळिशीची, केस आखूड, अंगात दवाखान्यातून तशीच आल्यासारखा पांढरा टी-शर्ट. तिने उठून हात मिळवला, आमच्या दोघांशी. शेजाऱ्यांनी छातीवर हात ठेवला, तेव्हा तिने फक्त मान हलवली. मी आणि बाबा शेजारच्या टेबलावर बसत होतो, पण ती जर्मनमध्ये म्हणाली, "नाही, इथेच बसा. कुणीतरी ऐकलेलं बरं."

ते दोघं अरबीत बोलले. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण काय चाललंय ते कळत होतं. शेजारी सलग बोलत होते, टेबलावर दोन्ही हात उघडे ठेवून. दहा मिनिटं, कदाचित जास्त. ती कपाकडे बघत होती. मध्येच एकदा त्यांनी बोट हवेत चौकोनासारखं फिरवलं. तो रकाना असणार. मग ते थांबले.

ती शांतपणे चार-पाच वाक्यं बोलली. शेजाऱ्यांनी तोंडावर हात घेतला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. बाबा माझ्या दंडाला धरून विचारत होते, "काय म्हणाली? काय म्हणाली ती?" आणि मला सांगता येत नव्हतं.

तिलाच ते लक्षात आलं. ती माझ्याकडे वळून जर्मनमध्ये म्हणाली, "त्यांनी काय केलं ते तुम्हाला माहीत आहे?"

"हो."

"मी त्यांना एवढंच सांगितलं, की माझ्या बाबांनी ह्यांना पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. त्यांनी आईला दाखवलं, बघ, आपला मुलगा किती मोठा साहेब झालाय. मी म्हटलं, मग मी जाऊन सांगते. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, हाक मारायची नाही. आपल्यामुळे तो अडचणीत येईल. त्याला जमलं तर तो स्वतः येईल."

मी बाबांना मराठीत सांगितलं. सांगताना मी तिच्याकडे बघत होते, शेजाऱ्यांकडे बघायचं धाडस नव्हतं.

"चौकशीतही त्यांनी ह्यांचं नाव घेतलं नाही," ती पुढे म्हणाली. "चौकशीवाले विचारत होते, ह्या गावात तुला कोण ओळखतं? माझे बाबा म्हणाले, कुणी नाही."

शेजारी तिला अरबीत काहीतरी म्हणाले, अगदी खालच्या आवाजात. तिने मान हलवली, नकाराची. मग पर्स घेतली. मला म्हणाली, "ते विचारतायत, की आणखी काही करू शकतो का. मी म्हटलं, नाही. माझ्या मनात त्यांच्याबद्दल राग फार उरलेला नाही. पण मला त्यांना पुन्हा भेटायचं नाही. हे त्यांना जर्मनमध्येही सांगा, म्हणजे चुकून वेगळं कळायला नको."

मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "हो," ते म्हणाले, "फरश्टांडन." कळलं.

ती गेली तेव्हा पूर्ण तासही झाला नव्हता.

परतीच्या गाडीत शेजारी खिडकीशी बसले, सुटाची पर्वा न करता. त्यांना इतकी वर्षं एकच आधार होता, की मास्तरांनी आपल्याला ओळखलं नाही. म्हणजे त्यांच्या लेखी नाक्यावरचा तो कुणीतरी परका अधिकारी होता. तो आधार आता गेला होता. मला हे उमगलं तेव्हा गाडी सपाट शेतांमधून जात होती आणि डब्यात कुणीतरी हसत फोनवर बोलत होतं. बाबांनी पिशवीतून दशम्या काढल्या, त्यांना दिल्या. त्यांनी हातात घेतल्या, खाल्ल्या नाहीत.

घरी पोचल्यावर बाबा मला म्हणाले, "मी चुकलो गं. मला काय गरज होती सांगायची?"

"तुम्हाला काय माहीत ती काय सांगेल ते?"

"जबाब घ्यायला बसलं की समोरचाही काहीतरी सांगणार, हे मला माहीत नसेल तर कुणाला माहीत असेल?"

परभणीला परत जायच्या आदल्या दिवशी ते मला घेऊन खाली गेले. शेजाऱ्यांनी दार उघडलं, आम्हाला आत घेतलं, चहा टाकला. छोट्या काचेच्या पेल्यांत, खूप गोड. बाबांनी मला सांगितलं, "त्यांना म्हणावं, मला माफ करा. मी पाठवायला नको होतं."

मी सांगितलं. शेजारी लगेच म्हणाले, "नाही, नाही." मग शब्द शोधत राहिले. "मी समजत होतो, की ते मला विसरले. ते विसरले नव्हते. हे वाईट आहे, आणि..." पुढचा जर्मन शब्द त्यांना सापडेना. मी एक-दोन सुचवले, ते मान हलवत राहिले. शेवटी ते कुर्दीत काहीतरी म्हणाले, सरळ बाबांना. आणि बाबांनी, एक अक्षर कळलं नसताना, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

बाबा परत गेले. जाताना विमानतळावर मला म्हणाले, "त्या काकांकडे लक्ष ठेव." दर रविवारी फोनवर पहिला प्रश्न तोच असायचा, काका कसे आहेत. आहेत, मी म्हणायचे. कामावर जातात. त्यांचा कागद आणखी सहा महिने वाढला. तेवढंच सांगण्यासारखं असायचं. ते बाकावर बसायचे कमी झाले होते, हे मी सांगत नव्हते.

शरद ऋतूत माझी ती नोकरी गेली. डिसेंबरात दुसरी मिळाली, हाइलब्रॉनला, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. आणि जानेवारीत परभणीहून फोन आला. बाबांना सकाळी अंघोळीच्या वेळी झटका आला होता, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. नवरा मिळेल त्या विमानाने गेला. मला जाता आलं नाही, किंवा मी गेले नाही. नव्या साहेबाला विचारायचं धाडसच मला झालं नाही. त्याने दिली असती सुट्टी, असं आता वाटतं.

नवरा गेल्यावर संध्याकाळी मी खाली जाऊन शेजाऱ्यांना सांगितलं. त्यांनी दाराची चौकट धरली. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले, तर अर्ध्या तासाने बेल वाजली. ते काळ्या सुटात उभे होते. "आमच्याकडे तीन दिवस बसतात," ते म्हणाले. "तुमच्याकडे काय असतं?"

"आमच्याकडेही लोक येतात, बसतात."

"मग मी येऊ का?"

ते आत आले, सोफ्याच्या टोकाशी बसले. मी चहा करायला उठले तर म्हणाले, नको, ह्या घरात आज तुम्ही उठायचं नाही. स्वतः स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी चहा केला, साखर जास्त घालून. तासभर बसले. दुसऱ्या दिवशीही आले, तिसऱ्या दिवशीही. त्या तीन दिवसांत आमच्या दाराची बेल दुसऱ्या कुणी वाजवली नाही. ऑफिसात मी कुणाला सांगितलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी निघताना ते दारात थांबले. "शेवटी काकांजवळ कोण होतं?"

"शेजारचे," मी म्हणाले. "दुधाची पिशवी दारातच पडलेली त्यांनी पाहिली. दार तोडून तेच आत गेले."

"ते ओळखत होते त्यांना?"

"हो. वीस वर्षांपासून."

"बरं," ते म्हणाले. मग कोट नीट केला, कठड्याला धरून सावकाश खाली गेले, आणि त्यांचं दार बंद झाल्याचा आवाज येईपर्यंत मी तिथेच उभी राहिले.